पीएलसीचा डेटा क्लाउडवर: चालू लाइनला धक्का न लावता कसा न्यायचा

पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर, क्लाउडला जोडायचाय म्हटलं की लगेच प्रश्न येतो गेटवे, म्हणजे पीएलसीचा डेटा वाचून बाहेर पाठवणारा डबा, कुठला घेऊ. त्याच्या आधी एक काम करा, मेंटेनन्सवाला, प्रॉडक्शनवाला आणि ज्यांना मोबाइलवर आकडे बघायचेत ते साहेब अशा तिघांना एका टेबलावर बसवा आणि विचारा की नेमकं काय बघायचंय आणि बघितल्यावर पुढे काय करणार. स्काडामध्ये, म्हणजे अख्खा प्लांट स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन हजार टॅग (प्रत्येक मोजमापाचं एक नाव) आहेत म्हणून दोन हजार वर ढकलायचे नसतात. कॉम्प्रेसरचं डिस्चार्ज टेंपरेचर चढायला लागलं की कोणीतरी जाऊन ऑइल आणि कूलर बघणार असेल तर तो टॅग कामाचा, नाहीतर तो नुसता ग्राफ, दोन आठवडे लोक बघतात आणि मग कोणी ढुंकूनही बघत नाही. बऱ्याच ठिकाणी दीड-दोनशे टॅगात सगळं भागतं. प्रत्येक टॅगसमोर लिहा: कुठल्या पीएलसीत आहे, पत्ता काय, डेटा टाइप काय, युनिट काय, किती वेळाने हवा, कोण बघणार. ही एक्सेल शीट कंटाळवाणी वाटते पण पुढचं अख्खं काम तिच्यावरच उभं राहतं.

दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून टाका. नेट गेलं, क्लाउड बंद पडला, गेटवे जळाला तरी मशीनला ते कळताही कामा नये. कंट्रोल आणि इंटरलॉक (धोका दिसला की मशीन आपोआप अडवणाऱ्या अटी) प्लांटमध्येच राहणार, बाहेर जाणार ती फक्त माहिती. डेटा बाहेर जाऊ दे, कमांड आत येऊ नये, सुरुवातीला तरी नाहीच नाही. हे पक्कं असलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता डेटा उचलायचा कुठून? तीन जागा असतात: थेट पीएलसीतून, स्काडाच्या सर्व्हरमधून किंवा हिस्टोरियनमधून, म्हणजे जुने आकडे साठवणाऱ्या डेटाबेसमधून. स्काडा चांगला चालू असेल आणि त्यात ओपीसी यूए (वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना आपसात बोलता यावं यासाठीचा प्रोटोकॉल) सर्व्हर असेल तर तिथूनच घ्या, कारण स्केलिंग झालेलं असतं, टॅगला नावं असतात आणि पीएलसीवर नवीन लोड येत नाही. ओपीसी यूएचं पोर्ट साधारण ४८४० असतं, सिक्युरिटी मोड नन, साइन आणि साइन अँड एन्क्रिप्ट असे तीन मिळतात, त्यातला शेवटचाच निवडा. सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी ट्रस्ट करायला पाच मिनिटं जास्त जातात म्हणून लोक नन ठेवून मोकळे होतात आणि मग ते तसंच वर्षानुवर्षं राहतं.

थेट पीएलसीतून घ्यायचा असेल तर प्रोग्रामरला सांगून एक वेगळा डेटा ब्लॉक बनवून घ्या, ज्यात क्लाउडला लागणारे सगळे टॅग एकापाठोपाठ एक कॉपी होतील, आणि गेटवेने फक्त तोच ब्लॉक वाचायचा. याचे फायदे भरपूर आहेत. मॉडबसवर (यंत्रांमधला जुना, साधा प्रोटोकॉल) एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त १२५ रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे, वाचता येतात, त्यामुळे विखुरलेल्या पत्त्यांवर चाळीस रिक्वेस्ट मारण्याऐवजी दोन-तीनमध्ये काम होतं, आणि उद्या कोणी लॉजिक बदललं, आतले पत्ते हलले, तरी गेटवेच्या कॉन्फिगला हात लावावा लागत नाही. सीमेन्सच्या एस७-१२०० किंवा १५०० मधून एस७ प्रोटोकॉलने वाचणार असाल तर त्या एका ब्लॉकचा ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस (यात टॅगला ठरलेला पत्ता नसतो) बंद करावा लागतो आणि सीपीयूच्या सेटिंगमध्ये पुट-गेटला, म्हणजे बाहेरच्या यंत्राला थेट मेमरीपर्यंत पोचू देण्याला, परवानगी द्यावी लागते. पण ही परवानगी वाचण्याबरोबर लिहिण्याचीही असते, हे लक्षात ठेवा. म्हणून त्या सीपीयूत ओपीसी यूए मिळत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पुट-गेटच्या वाटेला जाऊ नका.

जोडण्याआधी पीएलसीचा स्कॅन टाइम (प्रोग्रामची एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ) लिहून ठेवा, जोडल्यावर परत बघा. बहुतेक वेळा फरक नगण्य असतो, पण जुन्या सीपीयूवर कम्युनिकेशनचा भार जाणवतो. तसंच कनेक्शन किती घेऊ शकतो ते मॅन्युअलमध्ये बघा. लहान पीएलसी एकावेळी मोजकीच टीसीपी कनेक्शन देतात, त्यातलं एक एचएमआय (मशीनवरची ऑपरेटरची स्क्रीन) खातं, एक स्काडा, एक प्रोग्रामरचा लॅपटॉप, आणि गेटवे दर वेळी नवीन कनेक्शन उघडून जुनं सोडत नसेल तर एक दिवस ऑपरेटरच्या स्क्रीनवर आकड्यांच्या जागी नुसते हॅश दिसायला लागतात. गेटवेमध्ये एकच कनेक्शन उघडं ठेवून त्याच्यावरच वाचायची सेटिंग असते, ती चालू करा.

आरएस-४८५ वर (दोन वायरींवर अनेक यंत्रं जोडणारी लाइन) एनर्जी मीटर, ड्राइव्ह, टेंपरेचर कंट्रोलर असतील तर तिथे वेगळा त्रास आहे. मॉडबस आरटीयूमध्ये, म्हणजे अशा वायरींवरच्या मॉडबसमध्ये, बसवर मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, एकच असतो. पीएलसी आधीच त्या मीटरना विचारत असेल आणि तुम्ही त्याच दोन वायरींवर गेटवेही टॅप केला तर दोघं एकाच वर्गात एकाच वेळी हजेरी घेतल्यासारखं होतं, उत्तरं एकमेकांत मिसळतात, सीआरसी (मेसेज नीट आला का याची तपासणी) एरर येतात आणि जे आधी नीट चालत होतं तेही बिघडतं. उपाय म्हणजे मीटरला दुसरं पोर्ट असेल तर ते वापरा, नाहीतर पीएलसीने वाचलेली व्हॅल्यूच तुमच्या त्या ब्लॉकमध्ये घ्या. तिसरा मार्ग गेटवेलाच मास्टर करून पीएलसीला त्याच्याकडून मॉडबस टीसीपीने द्यायचा, पण हा मला आवडत नाही कारण मग गेटवे कंट्रोलच्या वाटेत येतो, आणि ते आपण सुरुवातीलाच नको म्हटलंय.

वायरिंगचं पटकन सांगतो. डेझी चेन करा (एका यंत्रावरून पुढच्यावर), स्टार (एकाच जागेवरून सगळ्यांना फाटे) करू नका. दोन्ही टोकांना १२० ओमचं टर्मिनेशन, मध्ये कुठेही नाही. शील्ड एकाच बाजूला अर्थ केलेली बरी. स्टँडर्ड रिपीटरशिवाय एका सेगमेंटला ३२ युनिट लोड धरतं आणि अंतर १२०० मीटरपर्यंत सांगितलेलं असतं, पण केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मोटर केबलशेजारून नेली तर शंभर मीटरलाही रडवते, तेव्हा ट्रे वेगळा घ्या. आणि एक स्लेव्ह, म्हणजे मास्टरला उत्तर देणारं यंत्र, बंद असेल तर काय होतं ते आधीच हिशोबात धरा. टाइमआउट १ सेकंद आणि रिट्राय ३ ठेवले तर त्या एका मेलेल्या मीटरपायी, पहिला प्रयत्न धरून, दर फेरीला ४ सेकंद जातात आणि बाकी सगळ्यांचा डेटा उशिरा येतो. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांच्या आसपास, रिट्राय एक, आणि उत्तर न देणाऱ्याला काही वेळ बाजूला ठेवण्याची सोय गेटवेत असेल तर ती चालू करा.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो भाग, रजिस्टरचा आकडा बरोबर वाचणं. मॉडबस रजिस्टर १६ बिटांचं असतं आणि फ्लोट (दशांशाचा आकडा) ३२ बिटांचा, म्हणजे एक व्हॅल्यू दोन रजिस्टरांत बसते, पण आधी कुठला अर्धा आणि नंतर कुठला हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. उदाहरण घ्या, मीटरच्या डिस्प्लेवर २३०.५ व्होल्ट दिसतंय. याची दोन रजिस्टरं १७२५४ आणि ३२७६८ अशी येतात. गेटवेने ती याच क्रमाने जोडली तर २३०.५ मिळेल, उलट्या क्रमाने जोडली तर शून्याच्या अगदी जवळची एक उणे संख्या मिळते आणि स्क्रीनवर मायनस शून्य दिसतं, आणि प्रत्येक रजिस्टरमधले बाइट उलटे झाले तर दोनच्या पुढे तेवीस आकडी काहीतरी अवाढव्य येतं. म्हणजे शून्य दिसलं की वायर सुटली असं लगेच समजू नका, आधी वर्ड ऑर्डर बदलून बघा. दुसरी भानगड पत्त्याची, मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं आणि केबलवरून प्रत्यक्षात पत्ता जातो ०, त्यामुळे एक घर पुढे किंवा मागे वाचलं जाणं अगदी नेहमीचं आहे. व्होल्टेज, करंट, फ्रिक्वेन्सी अशी डिस्प्लेवर दिसणारी तीन-चार व्हॅल्यू जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि एकच जुळली म्हणून सगळ्या बरोबर असंही धरू नका.

गेटवे घेताना ब्रोशरमधला प्रोसेसर बघण्यापेक्षा या गोष्टी बघा: २४ व्होल्ट डीसीवर चालतो का, डिन रेलवर बसतो का, बंद पॅनलच्या आतलं तापमान झेपतं का, हार्डवेअर वॉचडॉग (गेटवे अडकला तर तो रीस्टार्ट करणारं सर्किट) आहे का, आणि इथरनेट पोर्ट दोन वेगळे आहेत का. साधं एसडी कार्ड टाकलेला छोटा बोर्ड टेबलावर ट्रायलला ठीक, पण पॅनलमध्ये सतत लिहून आणि अधूनमधून पॉवर जाऊन कार्ड करप्ट होतंच, तेव्हा इंडस्ट्रियल स्टोरेज घ्या. सॉफ्टवेअर म्हणून नोड-रेड, टेलिग्राफ किंवा गेटवेच्या कंपनीचं जे असेल ते चालतं, भांडायची गरज नाही, फक्त टीममधल्या दोघांना ते उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे.

नेटवर्क हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई नको. गेटवेचा एक पाय पीएलसीच्या नेटवर्कमध्ये आणि दुसरा फायरवॉलकडे, आणि या दोन पायांमध्ये ब्रिज नाही, आयपी फॉरवर्डिंग बंद. म्हणजे बाहेरच्या बाजूने कोणी गेटवेपर्यंत पोचलं तरी पॅकेट आपसूक पीएलसीकडे जाणार नाही. फायरवॉलवर फक्त आतून बाहेर जाणारं कनेक्शन, तेही ठरलेल्या पत्त्यावर: एमक्यूटीटीसाठी (डेटा वर पाठवायचा प्रोटोकॉल, पुढे येतोच) पोर्ट ८८८३, वेळेसाठी एनटीपी, नावासाठी डीएनएस, बस. बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडायचं नाही. पोर्ट फॉरवर्डिंग करून मॉडबसच्या पोर्टचा ५०२ नंबर इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे काय ते समजून घ्या, मॉडबस १९७९ सालचा आहे, त्यात पासवर्ड ही गोष्टच नाही, जो पोचला तो वाचू शकतो आणि लिहूही शकतो. आणि असे उघडे कंट्रोलर शोधून देणारी सर्च इंजिनं आहेत. सिमवर चालवणार असाल तर पब्लिक आयपी घेऊ नका, प्रायव्हेट एपीएन (मोबाइल कंपनीकडून मिळणारं, इंटरनेटपासून वेगळं नेटवर्क) घ्या.

हे उगाच भीती घालायला म्हणत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा इथल्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर स्टेशनवर युनिट्रॉनिक्सचा पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला, लोकांना पंप मॅन्युअलवर घ्यावे लागले. त्या वेळच्या हल्ल्यांबद्दल अमेरिकन सरकारी यंत्रणांनी जे सांगितलं त्यात मुख्य दोनच गोष्टी होत्या, कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडा आणि फॅक्टरीतून आलेला पासवर्ड तसाच. मे २०२१ मध्ये उघड झालेल्या हल्ल्यात कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकेतल्या इंधन पाइपलाइन कंपनीत घुसायला जुनं व्हीपीएन अकाउंट पुरलं, त्याला दुसऱ्या टप्प्याची ओळख तपासणी नव्हती. तेव्हा डिफॉल्ट पासवर्ड बदला, सर्व्हिस इंजिनिअरचं व्हीपीएन काम असेल तेव्हाच चालू करा, दोन टप्प्यांचं लॉगिन ठेवा आणि पीएलसीला कीस्विच असेल तर तो रनवर ठेवून किल्ली काढून घ्या. सेफ्टी पीएलसी तर या सगळ्यापासून वेगळाच ठेवा, त्याचं स्टेटस हवं असेल तर हार्डवायर्ड कॉन्टॅक्टने साध्या पीएलसीत आणा आणि तिथून वाचा. सविस्तर वाचायचं असेल तर आयईसी ६२४४३ ही औद्योगिक सिक्युरिटीच्या स्टँडर्डची मालिका आहे, त्यातली झोन आणि कंड्युटची (प्लांटचे वेगळे भाग आणि त्यांच्यातल्या ठरलेल्या वाटा) कल्पना तरी समजून घ्याच.

वर पाठवायला एमक्यूटीटी घ्या. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइट लिंकने नजर ठेवण्यासाठीच बनवला होता, त्यामुळे कमी बँडविड्थ आणि तुटक लिंक हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. पोर्ट १८८३ म्हणजे उघडं, ८८८३ म्हणजे टीएलएस (एन्क्रिप्ट केलेलं), आपण ८८८३ च. क्यूओएस (मेसेज पोचण्याच्या हमीची पातळी) १ पुरे, म्हणजे मेसेज किमान एकदा तरी पोचतो, क्वचित दोनदा येतो, त्यासाठी डेटाबेसमध्ये टॅग आणि वेळ मिळून युनिक ठेवा. क्यूओएस २ च्या मागे लागू नका, एडब्ल्यूएस आयओटी कोअर आणि अझ्युर आयओटी हब या क्लाउड सेवा दोन्ही तो घेत नाहीत. प्रत्येक गेटवेला स्वतःचं वेगळं सर्टिफिकेट द्या, एकच सगळ्यांत कॉपी केलं तर एक गेटवे चोरीला गेल्यावर सगळेच बंद करावे लागतात. सर्टिफिकेट कधी संपतं ती तारीख कॅलेंडरवर टाका, कारण ते संपलं की सगळे गेटवे एकदम गप्प होतात आणि लोक तासभर केबल तपासत बसतात.

टॉपिकचं, म्हणजे मेसेज ज्या पत्त्यावर जातो त्याचं, नाव प्लांट, लाइन, मशीन, टॅग या क्रमाने ठेवा आणि एकदा ठरलं की बदलू नका. मेसेजमध्ये नुसती व्हॅल्यू पाठवू नका, व्हॅल्यू, वेळ आणि क्वालिटी तिन्ही हवेत. क्वालिटी का, तर सेन्सरची वायर तुटल्यावर पीएलसी कधी शून्य देतो कधी शेवटचा आकडा धरून ठेवतो, आणि वर बसलेल्या माणसाला टाकी खरंच रिकामी आहे की ट्रान्समीटर गेलाय हे कळायला दुसरा काही मार्गच नसतो.

डेटा किती होतो याचा हिशोब करून बघा. २०० टॅग, दर सेकंदाला, प्रत्येकी साधारण १०० बाइट धरले तर सेकंदाला २० हजार बाइट, दिवसाला १.७ जीबीच्या आसपास, महिन्याला पन्नासच्या वर. हेच १० सेकंदांनी पाठवलं तर दिवसाला १७३ एमबी. आणि टेंपरेचरला अर्धा डिग्री डेडबँड लावला, म्हणजे तेवढं बदललं तरच पाठव, तर आणखी बरंच खाली येतं. फक्त डेडबँड लावला की दर पाच-दहा मिनिटांनी एकदा बदल नसला तरी पाठवायला सांगा, नाहीतर स्थिर आहे की बंद आहे हे कळत नाही. बिलाचा अजून एक मुद्दा, एडब्ल्यूएस आयओटी कोअर मेसेज ५ केबीच्या टप्प्यांत मोजतं, म्हणजे १०० बाइटचा मेसेजही एक आणि ५ केबीचाही एकच, तेव्हा एका मशीनचे चाळीस-पन्नास टॅग एकाच मेसेजमध्ये बांधून पाठवा. व्हायब्रेशनसारखा हजारो सॅम्पलचा डेटा वर नेऊच नका, गेटवेवरच आरएमएस (एक प्रकारची सरासरी) काढा आणि तो एक आकडा पाठवा.

नेट जाणारच, म्हणून गेटवेवर साठवून नंतर पाठवायची सोय हवी. लांबचा वीकेंड धरून ७२ तासांचा बफर ठेवा, वरच्या हिशोबाने १० सेकंदांना तो अर्धा जीबीच्या आसपास होतो, काहीच नाही. लिंक परत आल्यावर ताजा डेटा आधी आणि जुना हळूहळू जाऊ द्या, नाहीतर सगळा बॅकलॉग एकदम सुटतो आणि लाइव्ह स्क्रीन तासभर मागे चालते. वेळेचा शिक्का व्हॅल्यू वाचली त्या क्षणाचा आणि यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), क्लाउडवर पोचल्याचा नव्हे, स्थानिक वेळ फक्त स्क्रीनवर दाखवताना. पॉवर जाऊन आल्यावर घड्याळाची बॅटरी मेलेली असेल तर काही गेटवे १९७० सालापासून सुरू होतात, म्हणून एनटीपीने वेळ जुळेपर्यंत डेटा पाठवायचा नाही अशी अट घाला.

आणि यातली मला सगळ्यात जपावीशी वाटणारी गोष्ट म्हणजे मेलेला डेटा ओळखणं. गेटवे चालू आहे, नेट चालू आहे, पण पीएलसीकडची केबल निघालीय, तर काही सॉफ्टवेअर शेवटची व्हॅल्यूच परत परत पाठवत राहतं आणि ग्राफ छान सरळ रेषेत चालतो, लोक समजतात सगळं आलबेल आहे. म्हणून पीएलसीत दर सेकंदाला एकने वाढणारा एक काउंटर ठेवा आणि तो टॅग वर पाठवा. तो तीस सेकंद हलला नाही तर त्या मशीनचे सगळे आकडे स्क्रीनवर राखाडी करा. गेटवेच मेला तर त्यासाठी एमक्यूटीटीचं लास्ट विल आहे, कीप अलाइव्ह (गेटवेने जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहायचं) ६० सेकंद असेल तर दीडपट म्हणजे ९० सेकंदांत ब्रोकर (मेसेज घेऊन वाटणारा सर्व्हर) स्वतःच ऑफलाइन असा मेसेज टाकतो, तो रिटेन ठेवा, म्हणजे नंतर जोडणाऱ्यालाही दिसेल.

अलार्म कमी ठेवा. ८५ डिग्रीला चालू, ८० च्या खाली बंद, मध्ये दहा सेकंदांचा डिले, असं हिस्टेरिसिस लावलं नाही तर ८५ च्या आसपास व्हॅल्यू नाचते आणि रात्रीत शेकडो मेसेज येतात, मग माणूस नोटिफिकेशनच बंद करून टाकतो, आणि खरा अलार्म येतो तेव्हा तो बघणाराच नसतो. प्रत्येक अलार्मला एक नाव असलेला माणूस हवा आणि त्याने अमुक मिनिटांत बघितलं नाही तर पुढे कोणाला जाणार तेही. ट्रिप, हूटर, इमर्जन्सी हे मात्र कायम प्लांटमधल्या वायरवर, क्लाउडच्या भरवशावर कधीच नाही.

पुढे कधीतरी कोणीतरी म्हणेलच की सेटपॉइंटही मोबाइलवरून बदलता आला तर बरं. तो प्रोजेक्ट वेगळा धरा. त्यासाठी पॅनलवर लोकल-रिमोट सिलेक्टर हवा जो मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात राहील, पीएलसीत वरच्या-खालच्या मर्यादा हव्यात म्हणजे वरून काहीही आलं तरी सेटपॉइंट त्या मर्यादांच्या बाहेर जाणार नाही, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद हवी. मशीनमध्ये हात घालून काम करणारा फिटर आणि दुसरीकडे बसून बटण दाबणारा माणूस एकमेकांना दिसत नाहीत, एवढं एक डोळ्यासमोर ठेवून ठरवा.

प्लॅटफॉर्म निवडताना स्टँडर्ड एमक्यूटीटीवरच राहा. गूगलने आपला आयओटी कोअर ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केला, ज्यांनी गेटवेमध्ये साधा एमक्यूटीटी आणि स्वतःचं टॉपिकचं गणित ठेवलं होतं त्यांना हलायला त्या मानाने सोपं गेलं. कच्च्या डेटाची एक प्रत आपल्याकडेही घेत राहा.

चालू करण्याआधीच्या चाचण्या एका मशीनवर करा, सगळ्या प्लांटवर एकदम नाही. एकजण एचएमआयसमोर उभा, दुसरा क्लाउडच्या स्क्रीनसमोर, फोनवर दोघांनी एकाच क्षणी वीस टॅग मोठ्याने वाचून जुळवायचे. मग नेटची केबल अर्धा तास काढा आणि परत लावल्यावर ग्राफमध्ये भोक राहिलं का बघा. मग पीएलसीकडची केबल काढा, आकडे राखाडी झाले का बघा. मग गेटवेची पॉवर धाडकन बंद करून चालू करा, कोणी हात न लावता तो स्वतः उठून जोडला गेला पाहिजे. ट्रान्समीटरची वायर सोडून क्वालिटी बॅड येते का बघा. आणि हे सगळं चालू असताना ऑपरेटरला विचारत राहा की मशीनवर काही फरक जाणवला का, उत्तर नाही असंच आलं पाहिजे. नंतर दोन आठवडे असंच चालू द्या, गेटवेच्या कॉन्फिगचा बॅकअप पॅनलच्या ड्रॉइंगसोबत ठेवा, एक स्पेअर गेटवे तेच कॉन्फिग टाकून पण स्वतःच्या सर्टिफिकेटसह तयार करून कपाटात ठेवा आणि तो बदलायचा कसा हे रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या, मग पुढचं मशीन जोडायला घ्या.